उजवीकडची डबी

आईच्या त्यागाचं मोल कुठल्याही देशाला कधीही करता येणार नाही, असं योजनेच्या पहिल्या परिच्छेदात म्हटलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात बिल्ल्याचा आकार दिला होता. तो साधारण ओव्हरकोटाच्या बटणाएवढा होता. रंग सोनेरी, पण सोनेरी हा शब्द रंगापुरताच घ्यावा, धातूबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये, असा खुलासा तळाशी बारीक टायपात केलेला होता. शासन एरवी कितीही मोघम बोलत असलं तरी अशा ठिकाणी फार स्पष्ट असतं.

लढाईत मुलगा गेला असेल त्या आईला 'वीरमाता' असं कोरलेला बिल्ला, आणि नवरा गेला असेल त्या बाईला 'वीरपत्नी' असं कोरलेला. दोन्हींत फरक एवढाच. मधली ज्योत तीच, भोवतीची पानं तीच, मागची टाचणी तीच. वडिलांना काय द्यायचं यावर बैठकीत बरीच चर्चा झाली आणि वडिलांना पुढच्या रांगेत खुर्ची द्यावी असं ठरलं.

समारंभाला ज्या बायका येणार होत्या त्यांत एकाच घरातल्या दोघी होत्या, सासू आणि सून.

सासू बायकांचे आणि शाळकरी मुलींचे कपडे शिवायची. कपडे शिवणाऱ्या पुरुषाला लोक मास्तर म्हणतात. बाईला काय म्हणावं हे गल्लीला वेळेवर सुचलं नाही, म्हणून तिलाही मास्तरच म्हणायला लागले. 'मास्तर आल्या का?' 'मास्तर जेवायला गेल्यात.' परक्या माणसाला यात काहीतरी चुकतंय असं वाटायचं, गल्लीला वाटत नसे. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. दुकानात दोन मशिनं, एक कापायचं टेबल, त्यावर पांढऱ्या खडूची कायमची भुकटी, आणि भिंतीवर मास्तरांच्याच अक्षरात एक पाटी: 'कापलेला कपडा परत घेतला जाणार नाही. शिवलेल्याचा तर विषयच काढू नये.'

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, मूठ वळायला सांगायचं आणि सुई टोचायची. घरातल्या दोन्ही बायकांचा धंदा सुईचा, तेव्हा माझं सैन्यातच बरं, हा विनोद मुलाचा होता. मुलगा दोन वर्षांपूर्वी सीमेवरच्या चौकीत लढताना गेला. विनोद अजून घरात वापरात होता.

मास्तरांचा नवराही सैन्यातच होता आणि तोही सैन्यातच गेला. पण तो आधीच्या युद्धात गेला, मुलगा पोटात असताना. ते युद्ध आता शाळेच्या प्रश्नपत्रिकेत 'टिपा लिहा' खाली येतं, तेही चारपैकी कोणत्याही दोन. त्या काळी शासनाकडून घरी एक तार यायची आणि मागाहून एक पत्र्याची पेटी. पेटीत माणसाचे कपडे असायचे. बिल्ल्याची योजना मात्र अमुक एका तारखेनंतर जे गेले त्यांच्यासाठीच होती. त्यामागे कुणाचा दुष्टपणा नव्हता. कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि सुरुवात केली की तिच्या अलीकडचे लोक आत येतात आणि पलीकडचे आपोआप बाहेर राहतात. मास्तरांनी हा नियम वाचला, कागदाची घडी घातली आणि ती मशिनच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली. मशीन हलायचं थांबलं. योजनेचा पहिला प्रत्यक्ष उपयोग झाला तो हा.

समारंभाची रंगीत तालीम कल्याण कार्यालयाने आदल्या दिवशी घेतली. कल्याण अधिकारी निवृत्त कॅप्टन होते. ते निवृत्त झाले तरी त्यांच्या पाठीचा कणा अजून नोकरीत होता. त्यांनी ठरवलं की एका घरातून आई आणि पत्नी दोघी आल्या असतील तर त्यांना मंचावर जोडीनेच बोलवायचं. तबकात दोन डब्या. उजवीकडची आईची, डावीकडची पत्नीची. तबक टायपिस्टबाईंनी धरायचं. तालमीत प्रमुख पाहुणे म्हणून कॅप्टनसाहेब स्वतः टायपिस्टबाईंच्या शेजारी उभे राहिले, त्यांनी उजवीकडची डबी उचलली, शिपायाला आई समजून ती दिली, आणि सगळं चोख झालं.

दुसऱ्या दिवशी खरे प्रमुख पाहुणे आले आणि टायपिस्टबाईंच्या शेजारी न राहता समोर उभे राहिले, कारण फोटोग्राफर त्या बाजूला होता. पाहुण्यांनी सूचनेबरहुकूम उजवीकडचीच डबी उचलली. फक्त ती त्यांची उजवी होती.

अशा तीन जोड्या होत्या. त्यांतल्या दोन जोड्यांनी खुर्चीत परत येऊन, शाळेत मुली डब्यातला खाऊ बदलतात तसे, मांडीवरच्या मांडीवर बिल्ले बदलून घेतले. या दोघींनी मिळाले तेच छातीवर लावले, बदलले नाहीत. सुनेला काही दिसत नव्हतं. मुलाचं नाव, हुद्दा आणि चौकीचा उल्लेख लाउडस्पीकरवरून झाल्यापासून तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मास्तरांना मात्र स्वच्छ दिसत होतं. आपल्या छातीवरची अक्षरं माणसाला उलटी दिसतात, पण ज्या बाईचं आयुष्य कपड्याच्या उलट्या बाजूवर टाके घालण्यात गेलंय तिला त्याचं विशेष नसतं. मास्तरांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग उजवा हात उचलून बिल्ल्यावर पालथा ठेवला आणि समारंभ संपेपर्यंत तो काढला नाही.

फोटो नेमका तेव्हाच निघाला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो छापून आला: 'हृदयावर हात ठेवून पुत्राला मूक मानवंदना देताना वीरमाता.' मास्तर कुणाला आणि कशाची मानवंदना देत होत्या हे पेपरला कळायचं कारण नव्हतं. शेजारच्या सुनेच्या छातीवर 'वीरमाता' ही अक्षरं मात्र ठळक आली होती, आणि ती साऱ्या शहराने वाचली.

सुनेला हे पेपरच्या आधी, त्याच संध्याकाळी, आरशासमोर कळलं. ती खाली दुकानात आली. मास्तर समारंभाला घातलेला राखाडी कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बिल्ल्याच्या मागे कोटाच्या उलट्या बाजूला कापडाचा तुकडा लावून त्या बिल्ला, टाचणी काढून, दुहेरी दोऱ्याने कोटावर शिवत होत्या.

"आई, आपले बिल्ले बदललेत."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाचता येतं."

सुनेने विचारलं, हे शिवताय कशाला. मास्तर म्हणाल्या, टाचणीने कापड जातं. सून म्हणाली की ते ठीक आहे, पण तो माझा आहे. मास्तरांनी दोरा तोंडात ओला करून सुईत ओवला. हे काम त्या कधीच पहिल्या खेपेला चुकत नसत, त्या दिवशी दोनदा चुकल्या.

"तुझाच आहे, मला कळतंय," त्या म्हणाल्या. "पण तुला बदलून मिळेल. मला एरवी मिळायचाच नाही."

सून वर गेली आणि दार नेहमीपेक्षा हलक्या हाताने लावलं. त्या घरात दार आपटण्याची ही पद्धत होती.

मग आठवडाभर घरात युद्धबंदी होती, म्हणजे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. 'आजीला सांग चहा झालाय.' 'आईला सांग मला दिसतोय.' निरोप्याचं काम नातीकडे आलं. नात पहिलीत होती आणि नुकती वाचायला शिकली होती, त्यामुळे तिच्या तावडीतून घरातलं कुठलंही अक्षर सुटत नव्हतं. तिने एकदा कपाटात आईचा बिल्ला पाहिला, जोडाक्षर नसल्यामुळे लगेच वाचला आणि त्यावर विचार केला. आई जर वीरमाता, तर वीर कोण? आईला मूल एकच. हिशेब चोख होता. संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा पोरगी खांद्याला मास्तरांची लाकडी फूटपट्टी लावून दोन खोल्यांत संचलन करत होती आणि शेवटी धाडकन आडवी पडून दाखवत होती. आणि आता तू रडायचं, असं तिने आईला समजावून सांगितलं.

सुनेने फूटपट्टी काढून घेतली, पोरीला जवळ घेतलं आणि बिल्ला कपाटातून काढून आपल्या पर्सच्या तळाशी, अक्षरं खाली करून, टाकला.

तोपर्यंत पेपरातल्या फोटोवरून कल्याण कार्यालयात फोन यायला लागले होते. काही लोकांना देशावर आलेलं कुठलंही संकट चालतं, छापील चूक चालत नाही. त्यातच मुख्यालयातून मोठे साहेब समारंभाचा आढावा घ्यायला येणार असल्याचं कळलं. कॅप्टनसाहेबांनी विचार केला की प्रश्न दोन मिनिटांचा आहे. इकडचा बिल्ला तिकडे आणि तिकडचा इकडे. त्यांनी सुनेला लॅबमध्ये फोन केला. सून म्हणाली, मला तर आजच बदलून हवाय. साहेबांना बरं वाटलं. दुपारच्या सुट्टीत तुम्ही दुकानावर या, मीही येतो, सासूबाईंना आपण दोघं मिळून सांगू, असं ठरलं.

साहेब आधी पोहोचले. दुकानात बसायला एकच स्टूल होतं, ते नेमकं टांगून ठेवलेल्या झग्यांच्या रांगेखाली. साहेब ताठ बसल्यामुळे एका झग्याची झालर त्यांच्या टोपीवर आली. कोपऱ्यात मुलीचा गणवेश न्यायला आलेली एक बाई उभी होती. तिचा गणवेश तयार होता, पैसेही देऊन झाले होते, पण ती आता जाणार नव्हती.

साहेबांनी मुद्दा मांडला. मास्तरांनी मशीन थांबवलं नाही. साहेबांनी जरा मोठ्याने पुन्हा मांडला. मास्तरांनी शिवण संपवली, दोरा तोडला आणि हाताने भिंतीवरची पाटी दाखवली.

साहेबांनी पाटी वाचली. ते म्हणाले की बाई, हा काही कपडा नाही, हे सन्मानचिन्ह आहे. मास्तर म्हणाल्या, मीही तेच म्हणते. सन्मान करायचा आणि मग बदलून न्यायला यायचं, हे दुकानदारीत चालतं, सन्मानात चालत नाही. साहेबांनी मग त्यांना नियम सांगितला, तारीख सांगितली. तुमच्या यजमानांबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे, असं सांगितलं. आदर आणि नियम यांच्यात ते थोडे अडकले, मग म्हणाले,

"काय आहे ना बाई, त्यांच्या वेळी बिल्ल्याची पद्धत नव्हती."

"मरायची होती," मास्तर म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या बाईने गणवेशाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. साहेब स्वतः एकदा मरता मरता वाचलेले होते, आणि त्या वेळी बिल्ल्याची पद्धत नव्हती हे त्यांच्या बहुधा पहिल्यांदाच लक्षात आलं.

एवढ्यात सून आली. पांढरा कोट तसाच अंगावर होता. तिने पर्सच्या तळातून बिल्ला काढला आणि कापायच्या टेबलावर खडूच्या भुकटीत ठेवला.

"हा घ्या," ती साहेबांना म्हणाली. "मला वीरमाता व्हायचं नाही."

"ते कुणालाच व्हायचं नसतं, ताई," साहेब म्हणाले. योजनेच्या कागदात हे वाक्य कुठेच नव्हतं.

मग त्यांनी सुनेला सगळं समजावलं. तुमचा बिल्ला सासूबाईंच्या कोटावर शिवलेला आहे. जादा बिल्ले काढलेले नाहीत, मोजून काढलेत. तेव्हा त्यांनी तो दिल्याशिवाय तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही सांगा त्यांना. सून मास्तरांकडे वळली. आठवड्यात पहिल्यांदा नातीला मध्ये न घालता ती बोलणार होती, पण तिच्या आधी साहेबच बोलले. त्यांना प्रकरण गोडीत मिटवायचं होतं. ते म्हणाले, बाई, मी वरती स्वतंत्र पत्र टाकून बघतो. तुमच्याकडे यजमानांचं काही आहे का? म्हणजे जोडायला. फोटो, पत्रं, काहीही.

मास्तरांनी थोडा विचार केला. फोटो एक होता, तो पुसट झाला. पत्रं पेटीबरोबर भिजली. पेटी गळकी निघाली होती.

"गळा साडेपंधरा," त्या म्हणाल्या. "छाती अडतीस. डावा खांदा किंचित उतरता."

साहेब लिहून घेण्यासाठी पेन काढत होते, ते थांबले. मास्तर सांगत राहिल्या. सांगत होत्या सुनेला, बघत होत्या बॉबिनकडे. संसार इतका थोडा झाला की आठवायला बसलं की लवकर संपतो, मग परत पहिल्यापासून आठवावं लागतं. आणि परत परत आठवून वस्तू झिजते, तसे ते झिजले. आवाज तर कधीचाच गेला. बोलायचे काय तेही नीट आठवत नाही; बहुतेक फार बोलायचे नाहीत, किंवा बोलतही असतील. पेटीत आलेले शर्ट मात्र त्यांनी उसवून पाहिले होते. शिवण त्यावरच शिकल्या. तेव्हा मापं हातात राहिली. आज इथे कापड टाकलं तर डोळे मिटून त्यांचा शर्ट कापून देईन, असं त्या म्हणाल्या, आणि तो घालणार कोण एवढंच कळणार नाही.

कोपऱ्यातली बाई गणवेशाच्या पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधत राहिली.

सुनेचा हात पांढऱ्या कोटाच्या खिशात गेला होता. खिशात तिचा फोन होता. त्यात नवऱ्याची पुष्कळ बोलणी साठवलेली होती: चौकीवरून केलेली थट्टा, पोरीला म्हटलेलं बेसूर गाणं, एकदा तर गॅस बंद केलास का एवढंच विचारणारा निरोप. ती रोज रात्री त्यातलं एखादं ऐकायची आणि मास्तरांना ऐकू जाऊ नये म्हणून कानात इअरफोन घालायची. ऐकू जाऊ नये असं का वाटायचं, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिने खिशातून हात रिकामाच बाहेर काढला.

"साहेब, तो आईंकडेच राहू द्या," ती म्हणाली. "माझ्याकडे ह्यांचं पुष्कळ आहे."

मग टेबलावरचा दुसरा बिल्ला उचलून, त्यावरची भुकटी कोटाला पुसून, तिने तो मास्तरांपुढे धरला. म्हणाली, आणि हाही तुमचाच. मास्तरांनी तो घेतला नाही. त्या म्हणाल्या, मग तुला काय राहिलं? तू काय नुसतीच जाणार पुढच्या समारंभाला? सून म्हणाली, मला कशाला हवाय, रक्त काढायला वाकलं की आडवा येतो. पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यात कोण कुठे मेलं ते वाचत बसतील. मास्तर म्हणाल्या, अगं पण. सून म्हणाली, अगं बिगं काही नाही, शिवा तो. आणि मशीनवर नका शिवू, वाकडा बसेल.

हे शेवटचं बोलणं मास्तरांना लागलं. चाळीस वर्षांत आपल्या हातून काही वाकडं बसलेलं नाही, असं त्या सुनेला, साहेबांना आणि कोपऱ्यातल्या बाईला बजावून सांगायला लागल्या. घरातली बोलाचाली पूर्ववत सुरू झाली होती. साहेबांनी एका व्यक्तीस एकच बिल्ला असा नियम असल्याचं दोनदा सांगून पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. ते उठले, टोपीवरची झालर बाजूला केली आणि गेले.

मोठे साहेब आले त्या दिवशी दोघींना कार्यालयात बोलावणं होतं. प्रकरण मिटलं आहे असं कॅप्टनसाहेबांनी वर कळवलं होतं, कसं मिटलं ते कळवलं नव्हतं. मास्तर राखाडी कोट घालून आल्या. डाव्या बाजूला 'वीरपत्नी', उजव्या बाजूला 'वीरमाता', दोन्ही एका रेषेत, खिशापासून सारख्या अंतरावर, जन्मापासून कोटाला असल्यासारखे. सून शेजारी साध्या कपड्यात. तिच्या अंगावर बिल्ला नव्हता.

मोठ्या साहेबांनी पाहिलं आणि चष्मा काढला. चष्मा लावला. मग विचारलं की या बाईंच्या अंगावर दोन कसे, नियम एकाचा आहे.

आता कॅप्टनसाहेब. त्यांच्याकडे सांगायला बरंच होतं: तबक, उजवं-डावं, फोटोग्राफर. त्यांतलं त्यांनी काहीच सांगितलं नाही. ते सावधान उभे राहिले आणि म्हणाले,

"सर, बाईंचे दोन गेलेत."

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला, मास्तरांना बसायला सांगितलं, दुःखात सहभागी असल्याचं सांगितलं. पण पहिलं जे दुःख आहे ते योजनेच्या तारखेच्या आधीचं असल्यामुळे अडचण येते, असं ते म्हणाले. आपली इच्छा नसते, पण तारीख ती तारीख.

"ते गेले तेव्हा तारीख ठरली नव्हती," मास्तर म्हणाल्या. "आधी कळलं असतं तर थांबले असते."

सून हसली. तिला हसायचं नव्हतं, तोंडावर हात ठेवूनही ते बाहेर आलं, आणि मग मास्तरांनाही आवरेना. त्या गंभीर खोलीत, भिंतीवरच्या सगळ्या पराक्रमी फोटोंखाली, सासू-सुना खांद्याला खांदा टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हे कार्यालयात कुणी पाहिलेलं नव्हतं. रडणाऱ्या बायकांसाठी तिथे पाण्याची, रुमालाची, पंख्याची सोय होती. हसणाऱ्यांचं काय करायचं याची सूचना नव्हती.

मोठे साहेब थोडे दुखावले. ते म्हणाले, तात्पुरता तरी एक बिल्ला काढून कार्यालयात जमा करावा, विचार नंतर करू. मास्तर म्हणाल्या, काढा. त्यांनी कोट पुढे केला. मोठ्या साहेबांनी टाचणी शोधली, टाचणी नव्हती. दोऱ्याचे टाके होते, बारीक, जवळजवळ, आणि दुहेरी. नखाने काही होईना. त्यांनी कात्री मागितली.

इथे त्या कार्यालयाबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. त्या कार्यालयाने आजवर अनेकांना अनेक खेपा घालायला लावल्या, अनेकांचे अर्ज गहाळ केले, आणि एका आजोबांना ते जिवंत असल्याचा दाखला त्यांच्याकडूनच दोनदा मागवला. पण त्या दिवशी त्याने आपलं सगळं कसब पणाला लावलं. टायपिस्टबाईंच्या टेबलाला कात्री दोरीने बांधलेली असायची. टायपिस्टबाईंनी तिच्यावर फाइल ठेवली, फाइलवर दुसरी फाइल ठेवली आणि कोपर ठेवून बसल्या. कात्री दुरुस्तीला गेली आहे, असं त्या म्हणाल्या. हेडक्लार्क म्हणाले, नवीन कात्रीची मागणी केलेली आहे, पण मंजुरी मुख्यालयातूनच यायची आहे, सर. शिपायाला बाहेरून आणायला पाठवलं. शिपाई गेला. तो अत्यंत कर्तव्यदक्ष शिपाई होता, दोन मिनिटांत चहा आणणारा. तो साडेपाचला आला आणि म्हणाला की दुकानं बंद होती.

तोवर मोठ्या साहेबांची गाडी सुटायची वेळ झाली होती. त्यांनी मास्तरांकडे एकदा नीट पाहिलं. मास्तर कोटावरच्या त्यांच्या नखाच्या जागी उठलेला धागा आत दाबत होत्या. साहेबांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन सरळ समोरच्या भिंतीकडे पाहत होते. मग मोठे साहेब म्हणाले की असा घोटाळा पुन्हा होता कामा नये, मी जातीने लक्ष घालतो. दारात थांबून त्यांनी मास्तरांना नमस्कार केला. आधी डावीकडे पाहून एक, मग उजवीकडे पाहून एक. नियम एकाचा होता.

मोठ्या साहेबांनी खरोखरच जातीने लक्ष घातलं. उजव्या-डाव्याचा प्रश्न कायमचा मिटावा म्हणून पुढच्या वर्षीपासून सगळ्यांसाठी एकसारखाच बिल्ला काढायचं ठरलं, आणि त्यातला एक सुनेला टपालाने आला. ज्योत आहे, पानं आहेत, आणि त्यावर काहीही लिहिलेलं नाही.